एरियन-५ : राखीव संच असूनही रॉकेट का वाचले नाही?

प्रश्न
४ जून १९९६ रोजी फ्रेंच गयानातील कुरू येथून झेपावलेले युरोपचे पहिले एरियन-५ रॉकेट सुमारे चाळीस सेकंदांत नष्ट झाले. त्याचा वेग आणि कल मोजणारे दोन संच होते. एक बंद पडल्यास दुसऱ्याने काम सांभाळावे, अशी योजना होती. तीन संच बसवून बहुमताने निर्णय घेतला असता, तर रॉकेट वाचले असते का?

प्रतिसाद १
नाही. दोन्ही संचांचे हार्डवेअर आणि सॉफ्टवेअर एकच होते. आडव्या वेगाशी निगडित ६४ बिटी संख्या १६ बिटी पूर्णांकाच्या लहान जागेत मावली नाही आणि दोन्ही संच त्याच कारणाने बंद पडले. त्यातही राखीव संच क्षणभर आधी! मग सक्रिय संचाने पाठवलेला दोषनिदानाचा बिटक्रम मुख्य संगणकाने खरी माहिती समजून नोझल (इंजिनातील वायू बाहेर सोडणारी, दिशा बदलणारी तोंडे) टोकापर्यंत वळवली. तिसऱ्या संचाचीही हीच गत झाली असती. माझ्या मते मूळ घोटाळा गृहीतकात आहे : बिघाड म्हणजे प्रोसेसर नादुरुस्त, तेव्हा तो बंद करून दुसऱ्याकडे वळावे. येथे प्रोसेसर ठणठणीत होते. शिवाय ज्यात ही संख्या अडली, त्या आधीच्या एरियन-४ रॉकेटकडून आलेल्या गणिताची एरियन-५ ला उड्डाणानंतर गरजच नव्हती.

प्रतिसाद २
सगळे संच एकाच चुकीने बंद पडू नयेत म्हणूनच बोइंग ७७७ विमानाच्या प्रत्येक मुख्य उड्डाण-संगणकात इंटेल, मोटोरोला आणि एएमडी अशा तीन निरनिराळ्या घराण्यांचे प्रोसेसर आहेत, कंपायलरही (प्रोग्रॅमचे यंत्रभाषेत रूपांतर करणारे सॉफ्टवेअर) वेगळे आहेत. अ‍ॅडा या संगणकभाषेत लिहिलेला मूळ प्रोग्रॅम मात्र एकच असल्याने त्यातली चूक तिन्हीकडे पोहोचू शकते. अमेरिकेच्या स्पेस शटल या अंतराळयानात चार संगणक एकच सॉफ्टवेअर चालवत आणि पाचव्याचे सॉफ्टवेअर स्वतंत्रपणे लिहिलेले होते. ही सोयही फुकट मिळत नाही : एप्रिल १९८१ मधले पहिले उड्डाण दोन दिवस लांबले, ते पाचव्याचे घड्याळ उरलेल्या चौघांशी जुळेना म्हणूनच.

प्रश्नकर्ता
मग एरियनसाठी दुसऱ्या गटाकडून वेगळे सॉफ्टवेअर लिहून घेतले असते, तर?

प्रतिसाद १
कदाचित निभावले असते, पण खात्री नाही. या संचाने काय करावे हे सांगणाऱ्या आवश्यकतांच्या कागदात एरियन-५ च्या उड्डाणमार्गाची आकडेवारी घेतलेलीच नव्हती, त्यामुळे दुसऱ्या गटाच्या हातीही तोच अपुरा कागद पडला असता. या अपघाताच्या चौकशी मंडळाने सुचवलेला उपाय अधिक साधा होता : संचाने गप्प न बसता हाती असलेली सर्वांत चांगली माहिती पाठवत राहावे आणि जमिनीवरील चाचणीत प्रत्यक्ष उड्डाणमार्गाचे आकडे वापरावेत.