मदत हवी आहे: पॉलीहाऊसमधला उंच संकरित टोमॅटो – शेंडा जाड, फुलगळ आणि फळांची बुडं काळी

वेलमांडव

पॉलीहाऊसमध्ये अमर्याद वाढीचा संकरित टोमॅटो आहे. कोकोपीटच्या ग्रो बॅग, एकखोडी पद्धत, चौरस मीटरला अडीच रोपं, तार ३ मीटरवर. पहिले दोन घोस छान धरले. तिसऱ्यावर सातातली दोन-तीन फुलंच टिकली आणि चौथ्याची फुलं देठाच्या गाठीपाशी पिवळी पडून गळताहेत. शेंड्याकडचं खोड खूप जाड आहे, वरची पानं गडद हिरवी आणि आत वळलेली. काही घोसांच्या टोकाला चक्क पान फुटलंय. दुसऱ्या घोसातल्या सुपारीएवढ्या फळांच्या बुडाला खोलगट काळे डाग आहेत.

रात्रीचं तापमान ११-१२ अंश, दुपारी २९-३०. सकाळी १० पर्यंत पडदे बंद असतात, तोवर आर्द्रता ९० टक्क्यांवर; दुपारी ४५ पर्यंत उतरते. ड्रिपर ताशी २ लिटरचा, प्रत्येक झाडाला एक. सकाळी आणि दुपारी १५-१५ मिनिटं पाणी. देतो त्या पाण्याचा ईसी (विरघळलेल्या क्षारांचं माप) २.८, निचऱ्याचा (बॅगेतून खाली गळणाऱ्या पाण्याचा) ४.६, पीएच ६.४. निचरा जेमतेम ५ टक्के. खतात रोज १९:१९:१९ (नत्र, स्फुरद, पालाश यांचे टक्के), आठवड्यातून एकदा कॅल्शियम नायट्रेट, अधूनमधून मॅग्नेशियम सल्फेट.

कॅल्शियमची फवारणी करू का? फुलगळीला हार्मोन चालेल का? आणि झाडं तारेला टेकायला आलीत, ती न मोडता खाली कशी घ्यायची?

हिरवापाला

बुडाचे डाग म्हणजे कॅल्शियमची कमतरता. चिलेटेड (सेंद्रिय रेणूत बांधलेलं) कॅल्शियम आणि बोरॉन आठवड्याच्या अंतराने दोनदा फवारा, थांबेल.

ठिबकसंच

फवारणीवर पैसे घालवण्याआधी हे वाचा. कॅल्शियम झाडात फक्त पाण्याच्या ओढीबरोबर वर जातं. पानावर पडलेलं कॅल्शियम पानातच राहतं, तिथून फळात उतरत नाही. फळाची साल मेणचट असते, तिच्यातूनही नगण्य शिरतं. त्यात दुपारी आर्द्रता ४५ वर आली की मोठी पानं पाणी जोरात ओढतात आणि कॅल्शियम त्यांच्याकडेच जातं. फळ उपाशी राहतं आणि सर्वात आधी बूड, कारण ते देठापासून सगळ्यात लांब. काळी झालेली फळं सुधारणार नाहीत, आजच तोडा. सुपारीच्या आकारात फळ सर्वात वेगाने फुगतं, म्हणून डाग नेमके त्याच घोसावर दिसले.

खरी गोम तुमच्याच आकड्यांत आहे. निचऱ्याचा ईसी ४.६, म्हणजे बॅगेत मीठ साठलंय आणि मुळांना पाणी ओढणं जड जातंय. दोनच पाळ्या असल्याने मधले चार-पाच तास बॅग सुकत जाते, तसा आतला ईसी आणखी चढतो. १५ मिनिटांत ५०० मिलि एकदम ओतण्याऐवजी ३ मिनिटांच्या पाळ्या करा, प्रत्येक पाळीला झाडामागे १०० मिलि. पहिली पाळी सूर्योदयानंतर दीड-दोन तासांनी, शेवटची सूर्यास्ताच्या दोन तास आधी. स्वच्छ उन्हाच्या दिवशी १२ ते १५ पाळ्या लागतील, ढगाळ दिवशी निम्म्या. पहिल्या दोन-तीन पाळ्यांत निचरा आला नाही तरी चालेल, दुपारी मात्र यायलाच हवा. दिवसअखेर एकूण २५ टक्के निचरा मिळाला पाहिजे. दोन बॅगांखाली ट्रे ठेवून रोज मोजा, त्यावरूनच पाळ्या कमी-जास्त करा.

साठलेलं मीठ काढायला साधं पाणी सोडू नका. ईसी झपकन पडला की पिकायला आलेली फळं तडकतात. १.८ ईसीचं द्रावण दोन-तीन दिवस जास्त पाळ्यांनी द्या. निचरा ३.५ च्या आत आला की नेहमीच्या द्रावणावर या.

हिरवापाला

पटलं. पण कॅल्शियम नायट्रेट आठवड्यातून एकदाच जातंय, ते तरी वाढवायला हवं ना?

ठिबकसंच

हो, ते रोज गेलं पाहिजे. आणि १९:१९:१९ आता थांबवा. त्यातलं बरंचसं नत्र युरिया आणि अमोनियमच्या रूपात असतं. अमोनियम मुळाशी कॅल्शियमची वाट अडवतं, शिवाय पाला माजवतं. फळं भरायच्या काळात नत्र जवळपास सगळं नायट्रेटमधून द्यायचं.

१००० लिटर तयार पाण्याला: कॅल्शियम नायट्रेट ९०० ग्रॅम, १३:०:४५ ४०० ग्रॅम, ०:५२:३४ २०० ग्रॅम, ०:०:५० २५० ग्रॅम, मॅग्नेशियम सल्फेट ४५० ग्रॅम, आणि सूक्ष्म अन्नद्रव्यं डब्यावरच्या मात्रेने. यातून नत्र सुमारे १९०, पालाश ३१०, कॅल्शियम १७०, मॅग्नेशियम ४४ पीपीएम (लिटरला मिलिग्रॅम) मिळतं (पालाशचा आकडा शुद्ध पोटॅशियमचा आहे, ऑक्साइडचा नाही). ईसी २.१ च्या आसपास येईल, वर तुमच्या मूळ पाण्याचा ईसी धरा. मूळ पाणी जड असेल तर त्यातलं कॅल्शियम वजा करून नायट्रेट कमी करा.

घट्ट द्रावणाच्या (जे नंतर पाण्यात पातळ होऊन जातं) टाक्या दोनच हव्यात, ए आणि बी. ए मध्ये कॅल्शियम नायट्रेट, चिलेटेड लोह आणि निम्मं १३:०:४५. बाकी सगळं बी मध्ये. कॅल्शियम नायट्रेट सल्फेट किंवा फॉस्फेटबरोबर घट्ट मिसळलं की तळाला पांढरा साका बसतो, खत वाया जातं आणि ड्रिपर चोंदतात. पीएच ६.४ थोडा जास्त आहे, ५.८ ते ६.२ मध्ये आणा.

शेंडाखुडी

फुलगळीचं बोलू. शेंड्यापासून १५ सेंटीमीटर खाली कॅलिपर लावून खोड मोजा. १० ते १२ मिलिमीटर हवं. वरच्या उमललेल्या घोसापासून शेंड्याचं अंतर १५ ते २० सेंटीमीटर असावं. तुमचे आकडे काय?

वेलमांडव

दहा झाडं मोजली. जाडी १४ ते १६ मिलिमीटर, अंतर बहुतेकांचं २५ च्या वर. फुलं फिकट पिवळी आहेत.

शेंडाखुडी

मग झाड पाल्याकडे झुकलंय. रात्र १३ अंशांच्या खाली गेली की परागकण नीट तयारच होत नाहीत. दिवसा बनलेली साखरही थंडीत झाड पुरती वापरत नाही, ती शेंड्यात साठते. जाड खोड आणि वळलेली पानं त्यातूनच येतात. त्यात घोस धरला नाही की साखर खाणारं फळ उरत नाही, तीही पुन्हा शेंड्यातच जाते. हे चक्र तोडायचं असेल तर पुढचे दोन घोस काहीही करून धरवा, बाकी दुरुस्त्या त्यामानाने सोप्या आहेत.

रात्रीचं तापमान १५-१६ वर धरायचा प्रयत्न करा. हीटर नसेल तर सूर्यास्ताच्या तास-दीड तास आधी पडदे घट्ट बंद करा, आत उष्णता असतानाच. सकाळी मात्र १० ची वाट पाहू नका. सूर्य वर आला की वरची खिडकी वितीएवढी उघडा आणि तासाभरात वाढवत न्या. बंद घरात हवा आधी तापते, फळं आणि पानं थंडच राहतात आणि त्यांच्यावर दव धरतं. करपा आणि राखाडी बुरशीला तेवढंच पुरतं. दमट हवेत परागकण चिकटून राहतात, फुलातल्या परागकोशांच्या नळीतून सुटत नाहीत.

टोमॅटोचं फूल स्वतःच्याच परागाने फळतं, त्याला फक्त कंप हवा असतो. बाहेर तो वाऱ्याने मिळतो, आत तुम्ही द्यायचा. बंबलबीची (जाड, केसाळ जंगली माशीची) पेटी मिळत असेल तर त्याहून चांगलं काही नाही. साधी मधमाशी फुलाला असा कंप देत नाही. नाहीतर बॅटरीवरचं व्हायब्रेटर घोसाच्या देठाला सेकंदभर टेकवा, फुलाला नव्हे. वेळ सकाळी १० ते दुपारी २, आर्द्रता ६० ते ७० टक्क्यांवर आलेली असताना, एक दिवसाआड. पिवळी धूळ उडताना दिसली पाहिजे. ती दिसत नसेल तर हवा अजून दमट आहे किंवा रात्रीच्या थंडीने पराग मेलेत.

वेलमांडव

आणि हार्मोन?

शेंडाखुडी

शक्यतो टाळा. हार्मोनने फळ बसतं, पण परागाशिवाय बसलेलं फळ आतून पोकळ आणि कोनदार निघतं. थेंब शेंड्यावर उडाला तर पानं दोरीसारखी अरुंद होतात, विषाणूच आला असं वाटतं.

घोसाच्या टोकाला फुटलेलं पान खुडून टाका. शेंड्याजवळचं, उमलत्या घोसाखालचं एक कोवळं पान झाडामागे काढा. साखर घोसाकडे वळते. हे एकदाच, दर आठवड्याला नाही.

मांडवतार

झाड खाली घेण्याबद्दल. सुतळी तारेला थेट बांधली असेल तर आधी हुक किंवा रीळ लावा, प्रत्येकावर १० मीटर जादा सुतळी गुंडाळलेली हवी. शेंडा तारेवर जाऊन वाकेपर्यंत थांबू नका. तारेखाली ३० सेंटीमीटर उरले की काम सुरू.

दोन-तीन दिवस आधी खालची पानं काढून खोड मोकळं करा, जखमा सुकल्या पाहिजेत. तोडणीला आलेल्या घोसाखालची सगळी पानं काढता येतात. त्याच्या वर १५-१६ पूर्ण पानं राहू द्या. एका वेळी तीनपेक्षा जास्त पानं काढू नका. पान देठाच्या बुडातून हाताने वर-खाली झटकून मोडा, ठूठ ठेवलं की तिथेच बुरशी बसते.

मग दुपारनंतर, खोड थोडं मऊ पडलं की उतरवा. सकाळी पाण्याने टम्म भरलेलं खोड काकडीसारखं मोडतं. एका हाताने खोडाचा भार पेला, दुसऱ्या हाताने हुक उलटा फिरवून २०-२५ सेंटीमीटर सुतळी सोडा, आणि हुक तारेवर तेवढाच पुढे सरकवा. एका ओळीतली सगळी झाडं एकाच दिशेला. शेजारची ओळ उलट दिशेला घेतली की टोकाची झाडं वळवून त्या ओळीत आणता येतात. आडवं झालेलं खोड जमिनीवर ठेवू नका, वाकवलेल्या तारेच्या आधारावर ठेवा. दर आठवड्याला थोडं थोडं सोडा. महिन्याभराचं एकदम सोडलं तर शेंडे सावलीत जातात.

बगलफुटवे ३ ते ५ सेंटीमीटरचे असतानाच सकाळी हाताने मोडा. कात्रीने एका झाडाचा रस दुसऱ्याला लागतो आणि मोझॅकसारखे विषाणू तसेच पसरतात. संशयित झाडं शेवटी हाताळा, ओळ बदलताना हात साबणाने धुवा.

वेलमांडव

उतरवताना खोड चिरलं तर झाड गेलंच का?

मांडवतार

उभी चीर असेल आणि खोड निम्म्याहून जास्त शाबूत असेल तर नाही. दोन्ही कडा जुळवून चिकटपट्टीने घट्ट गुंडाळा, वर आणि खाली एकेक क्लिप लावून भार सुतळीवर घ्या. एक-दोन दिवस शेंडा दुपारी मान टाकेल. पाणी वाढवू नका, त्या झाडावरचा एक घोस हलका करा. दोन आठवड्यांत तिथे गाठ धरते. पट्टी तशीच राहू द्या, मात्र तिच्याखाली ओल किंवा राखाडी बुरशी दिसली तर काढून चीर कोरडी करा.