प्रति: एनसीव्ही नॉर्मल, तरी तळपायांची आग

एनसीव्ही (नसांमधून संदेश किती वेगाने जातो त्याची तपासणी) नॉर्मल आली, तरी तळपायांची आग होतेच; पण डॉक्टर 'काही नाही' म्हणाले, आता कुणाकडे जाऊ, असं तुम्ही विचारलंय. ती तपासणी जाड नसांचीच. जळजळ, टाचण्या टोचणं हा बारीक नसांचा त्रास. तो तिच्यात दिसत नाही, त्यासाठी घोट्याच्या वर ३ मिमी त्वचेची बायोप्सी (छोटा तुकडा काढून तपासणी) असते. न्यूरॉलॉजिस्ट (मेंदू-नसांचे डॉक्टर) निवडताना बघा, मोजे काढायला लावतात का? १२८ हर्ट्झचा ट्यूनिंग फोर्क (कंप पावणारा धातूचा चिमटा) पायाच्या अंगठ्यावर टेकवून कंप जाणवतो का ते बघतात का, आणि टाचणीने बोटांपासून वर गुडघ्यापर्यंत तपासतात का? बी-१२ (व्हिटॅमिन) आणि एचबीए१सी (तीन महिन्यांची सरासरी साखर) यांचे रिपोर्ट सोबत न्या. आणि गॅबापेंटिन (नसांच्या दुखण्यावरचं औषध) दिलं असेल तर चार दिवसांत 'लागू पडत नाही' म्हणून सोडू नका. डोस हळूहळू वाढवत काही आठवडे द्यावे लागतात. अचानक बंद तर मुळीच करू नका.