मदत हवी आहे: सीएमटीत (कासदाह ओळखायच्या चाचणीत) दूध घट्ट होतंय, प्रयोगशाळा म्हणते जंतू नाहीत

नमस्कार मंडळी,
म्हैस तिसऱ्या वेताची, व्यायला अडीच महिने झाले. कास मऊ, सूज नाही, दुधात गाठी नाहीत. तरी मागच्या डाव्या सडाचं दूध रोज थोडंथोडं कमी होतंय. शंका आली म्हणून सीएमटी केली. चार खणांच्या तबकात प्रत्येक सडाच्या वेगळ्या धारा, तेवढंच जांभळं द्रावण, आणि तबक गोल फिरवलं. तीन खण पातळच राहिले; चौथ्यात शेंबडासारखी तार धरली. मग त्या सडाचं दूध तपासणीला पाठवलं, तर अहवालात जंतूंची वाढच नाही. खरं कोणाचं मानू?

प्रतिसाद:
नमुना कधी घेतला? त्याआधी सडात प्रतिजैविकाची ट्यूब सोडली होती का?

धागाकर्ता:
हो, लिहायचं राहिलं. ट्यूब सोडली आणि दोन दिवसांनी नमुना घेतला. बाटली धुतलेली होती.

प्रतिसाद:
तिथेच घोळ झाला. सीएमटी जंतू दाखवतच नाही. कासेत आलेल्या पांढऱ्या पेशी द्रावणाने फुटतात आणि त्यांच्यातल्या डीएनएमुळे दूध घट्ट होतं. जंतू मेले तरी पेशी बरेच दिवस येत राहतात. प्रयोगशाळा जिवंत जंतू वाढवून बघते, आणि औषध चालू असताना ते वाढत नाहीत. त्यात स्टॅफिलोकॉकस ऑरियस हा कासदाहाचा जंतू असेल तर तो रोज दुधात उतरतोच असं नाही. एका अहवालावर निर्धास्त राहू नका.

औषध संपल्यावर दोन-तीन आठवड्यांनी परत नमुना द्या, पण धुतलेल्या बाटलीत नको, निर्जंतुक नळीतच. पहिल्या तीन-चार धारा सोडून द्या, नळी तिरपी धरा म्हणजे कासेवरचा कचरा आत पडणार नाही, आणि बर्फात ठेवून त्याच दिवशी पोचवा. जंतू सापडले तर कोणतं प्रतिजैविक लागू पडतं तेही तपासायला सांगा. आणि हो, ट्यूब एकाच सडात असली तरी वेष्टनावर दिलेले दिवस चारही सडांचं दूध विकायचं नाही. हे बरेच जण विसरतात.

धागाकर्ता:
समजलं. पण सड स्पिरिटने पुसला की ही पान्हा चोरते हो!

प्रतिसाद:
आधी रेडकू लावा. पान्हा सुटला की त्याला बाजूला बांधा आणि मग सड पुसा. उलटं केलंत तर रेडकाच्या तोंडातले जंतू अहवालात येतील.