टॅकोमामागे २३ फुटी कॅम्पर? आधी दारावरचं स्टिकर वाचा

घाटमाथा (डेन्व्हर)

मेमोरियल डे जवळ आला की आमच्या मंडळाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर कॅम्पर म्हणजे मागे ओढायच्या चाकांवरच्या घराबद्दल एक प्रश्न हमखास पडतो. "टॅकोमा आहे, २२-२३ फुटी कॅम्पर बघून ठेवलाय, ओढेल ना?" लगेच पाच-सहा जण "बिनधास्त घे" म्हणून मोकळे होतात, कारण टॅकोमा या मिडसाइज पिकअपसाठी टोयोटाच्या माहितीपत्रकात ओढण्याची क्षमता ६,५०० पौंड छापलीय. हायब्रिडला ६,०००. कॅम्पर भरून ५,००० चा. म्हणजे झालं की!

झालं नाही. मिडसाइज पिकअपमध्ये इंजिन कमी पडतच नाही, कमी पडतो तो पेलोड, म्हणजे गाडी स्वतःच्या अंगावर किती वजन घेऊ शकते तो आकडा. ड्रायव्हरचं दार उघडा, खांबावर टायर प्रेशरचं पिवळं-पांढरं स्टिकर आहे. त्यावर लिहिलेलं असतं की माणसं आणि सामान मिळून इतक्या वजनाच्या वर जाऊ नका. माझ्या डबल कॅब हायब्रिडवर आकडा आहे १,१३५ पौंड. आता बेरीज करा. ट्रेलरच्या एकूण वजनाच्या १० ते १५ टक्के भार हिचवर (गाडीमागच्या जोडणीवर) यायला हवा, नाहीतर तो मागे शेपटासारखा वळवळतो. ५,००० चे १२ टक्के धरले तर ६००. आम्ही दोघं आणि दोन मुलं मिळून ४८०. वजन विभागणारा हिच लावला तर त्याचं लोखंडच ९० च्या आसपास. झाले १,१७०. अजून कूलर, सायकली, जनरेटर, काहीच गाडीत चढलेलं नाही आणि मर्यादा ओलांडून झाली. ओढण्याच्या आकड्यात मात्र हजार पौंड शिल्लक दिसतात!

माझं मत असं: चौकोनी कुटुंब असेल तर मिडसाइजमागे पूर्ण भरून ४,००० पौंडांच्या वर काही लावू नये. त्याहून मोठं हवं असेल तर सरळ फोर्ड एफ-१५० वगैरे मोठ्या पिकअपच्या वर्गात जा.

बाळ्या बे-एरियाकर

सपशेल असहमत. ६,५०० किंवा ७,५०० हे आकडे जाहिरात खात्यातल्या कोणी चहा पिता पिता ठरवलेले नाहीत. एसएई या वाहन इंजिनिअरांच्या संस्थेचं जे२८०७ नावाचं मानक आहे. त्यात अ‍ॅरिझोनातल्या डेव्हिस डॅमचा चढ, साधारण साडेअकरा मैल, बाहेर १०० फॅरनहाइट, एसी पूर्ण चालू, आणि मागे कमाल वजनाचा ट्रेलर. वेग ताशी ४० मैलांच्या खाली जाता कामा नये. शिवाय १२ टक्के चढावर थांबून पुढे आणि मागे, दोन्हीकडे पुन्हा पुन्हा गाडी उचलून दाखवायची. एवढं झाल्यावर आकडा मिळतो. तुम्ही त्यातून परस्पर अडीच हजार पौंड कापून टाकताय!

माझी फोर्ड रेंजर आहे, टो पॅकेजसकट (म्हणजे ट्रेलर ओढायच्या जादा सामानासकट). ७,५००. (पॅकेज नसेल तर तीच रेंजर ३,५०० वर येते, हे घेताना विचारत जा. सेल्समन स्वतःहून सांगतीलच असं नाही.) मागे ४,५०० चा कॅम्पर असतो. कॅलिफोर्नियात ट्रेलर असला की तसंही ५५ च्या वर जायची परवानगी नाही. आणि उरलेलं अख्खं वर्ष हीच गाडी सॅन फ्रान्सिस्कोच्या पार्किंग गराजमध्ये घालायची असते. उन्हाळ्यातल्या थोड्या वीकेंडांसाठी एफ-१५० घेणं म्हणजे चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला.

घाटमाथा (डेन्व्हर)

बाळ्याभाऊ, मानकाबद्दल बरोबर बोललात, फक्त अर्धंच. त्या चाचणीत गाडीत ड्रायव्हर आणि एक प्रवासी एवढेच धरतात, तेही प्रत्येकी १५० पौंडांचे. मागची सीट रिकामी. आपल्याकडे असं कधी होतं का? आजी-आजोबा सहा महिन्यांसाठी आले की यलोस्टोनला त्यांना सोडून जाणार आहात? आणि त्यांच्याबरोबर दोन कुकर, तांदळाची गोणी, भाजणीचे डबे. सगळं आयत्या वेळी पिकअपच्या हौद्यात. तुमची रेंजर ७,५०० ओढते हे मान्य, पण तुमच्या दारावरचा आकडा काय आहे? तो इथे लिहा, मग बोलू.

सरोवरकन्या (मिशिगन)

तुम्ही दोघं कॅम्परच्या पलीकडे बघणार आहात का? इथे निम्मे लोक बोट ओढतात आणि तिथे गणित वेगळं आहे. बोटीच्या ट्रेलरवर हिचचा भार कमी ठेवलेला चालतो, बऱ्याचदा ५ ते १० टक्के. शिवाय बोट बुटकी, पुढून निमुळती. कॅम्पर म्हणजे आठ फूट रुंद, दहा फूट उंच भिंत. हायवेवर पेट्रोल खाते ती ही भिंत, वजन नव्हे. आमच्या शेव्ही कोलोरॅडो पिकअपला २० फुटी पाँटून (तरंगत्या नळकांड्यांवरची सपाट बोट) मागे असल्याचं फारसं जाणवतही नाही. म्हणजे ४,००० ची लक्ष्मणरेषा बोटीला लावू नका.

पण घाटमाथा यांचा मूळ मुद्दा मला पटतो, कारण बोटवाल्यांचा घोळ दुसरीकडे होतो. माहितीपत्रकातलं वजन बहुतेकदा नुसत्या बोटीचं असतं. ११५ हॉर्सपॉवरचं आउटबोर्ड इंजिन पावणेचारशे पौंडांच्या आसपास, ३० गॅलन पेट्रोलचे १८०, बॅटऱ्या, नांगर, लाइफ जॅकेटं. आणि ट्रेलर स्वतः ७००-८०० चा. २,२०० ची म्हणून घेतलेली बोट रस्त्यावर येते तेव्हा साडेतीन हजारांची झालेली असते.

आणखी एक. बोट रॅम्पवर शेवाळ असतं. ओल्या उतारावर मागची चाकं पाण्यात आणि गाडी जागच्या जागी फिरतेय, हे दृश्य दर रविवारी दिसतं. टू-व्हील ड्राइव्ह घेऊन पैसे वाचवणाऱ्यांनी एकदा येऊन बघावं.

बाळ्या बे-एरियाकर

दारावरचा आकडा १,४५०. आणि आम्ही तिघंच. म्हणजे माझ्या गाडीत बसतं. तुमच्या हायब्रिडच्या बॅटरीने तुमचा पेलोड खाल्ला, त्याची शिक्षा सगळ्या मिडसाइज गाड्यांना का? आणि वजन विभागणाऱ्या हिचचा फायदा तुम्ही धरलाच नाही. त्याच्या दांड्या ताणल्या की मागच्या अ‍ॅक्सलवरचा भार थोडा पुढच्या चाकांवर, थोडा ट्रेलरच्या चाकांवर जातो.

यारा नदीकाठ (मेलबर्न)

मंडळी, तुमच्या चर्चेची गंमत वाटते. इथे रेंजर, हायलक्स, डी-मॅक्स सगळ्या ३,५०० किलोला मान्य आहेत. किलो! म्हणजे ७,७०० पौंड. हिचच्या बॉलवर ३५० किलो. आणि लोक कॅरॅव्हॅन लावून अ‍ॅडलेडला, डार्विनला जातात. अमेरिकेत सगळे इतके घाबरट का?

घाटमाथा (डेन्व्हर)

यारा, तुमच्याकडे गाडी आणि कॅरॅव्हॅन मिळून जे कमाल एकत्रित वजन असतं ते रेंजरला साडेसहा टनांच्या आत आहे ना? त्यातून ३,५०० किलो काढा, गाडीला तीन टनही उरत नाहीत. डबल कॅब डिझेल रेंजर रिकामीच सव्वादोन टनांच्या वर. त्यात बुलबार, छतावरचा तंबू, पाण्याचे कॅन आणि चार माणसं घाला. कमाल आकडा तुमच्याकडेही एकट्या माणसासाठीच आहे. तुमच्याकडच्या कॅरॅव्हॅनवाल्यांच्या गप्पांमध्ये निम्मं भांडण याच वजनांवरून चालतं, तुम्हालाही माहीत असेल.

बाळ्याभाऊ, ते हिच भार विभागतं, स्टिकरवरचा आकडा वाढवत नाही. पुढची चाकं जमिनीला घट्ट राहतात, हेडलाइट समोरच्याच्या डोळ्यांत जात नाहीत, एवढं काम ते उत्तम करतं. आणि तिघं असताना १,४५० मध्ये बसतं म्हणताय, ते माझ्याच हिशेबाने बसतंय. म्हणजे तुम्ही ७,५०० बघून नव्हे, स्टिकर बघून कॅम्पर घेतलात!

कृष्णाकाठ (कराड)

अमेरिकेतलं काही कळत नाही, पण हा पुढची चाकं हलकी होण्याचा विषय आमच्या ओळखीचा आहे. गळीत हंगामात या एकदा. ट्रॅक्टरमागे उसाच्या दोन-दोन ट्रॉल्या लावून कारखान्याकडे निघतात. मोळ्या पुढच्या बाजूला जास्त रचल्या असतील तर चढाला ट्रॅक्टरची पुढची चाकं हवेत. स्टिअरिंग कितीही फिरवा, ट्रॅक्टर आपला सरळ. जुने ड्रायव्हर मग डाव्या-उजव्या ब्रेकवर वळवतात. इंजिन भक्कम ओढतं, अडचण इंजिनाची नसतेच. तेही ताशी १५-२० च्या वेगाने. तुम्ही ६५ ने जाणार आणि वर मुलांना कार्टून लावून देणार.

सरोवरकन्या (मिशिगन)

कृष्णाकाठ, डावा-उजवा ब्रेक हे पिकअपमध्ये नाही हो, नाहीतर बाळ्याभाऊंनी तेही मुद्द्यात घेतलं असतं.

चाकोरीबाहेर (सॉल्ट लेक सिटी)

इतका वेळ वाचत होतो. वजन-वजन चाललंय, वाऱ्याचं कोणी बोलत नाही. वायोमिंगमधून आय-८० महामार्गाने लॅरमी ते रॉलिन्स गेलेल्यांना विचारा. वारा चढला की हलक्या आणि उंच वाहनांना रस्ता चक्क बंद करतात, कारण रिकामे सेमी-ट्रकही (मोठे मालवाहू ट्रक) तिथे आडवे होतात. पाच हजारांचा कॅम्पर आणि साधारण तेवढ्याच वजनाचा पिकअप असेल तर बाजूने झोत आल्यावर कोण कोणाला नेतोय हे सांगता येत नाही. एफ-१५० लांब आहे, जड आहे, मागच्या चाकांपासून पुढच्यांपर्यंतचं अंतर जास्त आहे. फायदा तिथे दिसतो. डेव्हिस डॅमच्या चढात वाऱ्याचा हा झोत नाही.

ट्रेलर डुलायला लागला तर पिकअपचा ब्रेक दाबू नका. अ‍ॅक्सिलरेटर हळूच सोडा, स्टिअरिंग सरळ धरा, आणि ब्रेक कंट्रोलरची (पिकअपमधून ट्रेलरचे ब्रेक चालवणाऱ्या यंत्राची) कळ हाताने दाबून नुसते ट्रेलरचे ब्रेक लावा. कळ कुठे आहे हे घरासमोर उभं असतानाच शोधून ठेवा.

घाटमाथा (डेन्व्हर)

अगदी. आमच्याकडे आयझेनहॉवर बोगदा ११,१५८ फुटांवर, आणि तिथून सिल्व्हरथॉर्नला ७ टक्के उतार. टर्बो असल्यामुळे चढ हल्ली त्रास देत नाही, पण खाली उतरताना गियर खाली न घेणाऱ्यांच्या ब्रेकचा वास मागच्या गाडीत येतो. ब्रेक निकामी झालेल्या ट्रकांसाठी तिथे रेतीचे उतारमार्ग काढून ठेवलेत, ते उगाच नाहीत.

बाळ्या बे-एरियाकर

ठीक. उतारावर टो-हॉल मोड (ओझं ओढतानाची गियरची सेटिंग) लावा, वाऱ्यात थांबा, स्टिकर वाचा, हे सगळं मान्य. तरी "४,००० च्या वर नाहीच" हा सरसकट नियम चुकीचाच. प्रत्येक गाडीचं, प्रत्येक घराचं गणित निराळं. महामार्गावरच्या ट्रक स्टॉपला कॅट स्केल नावाचा वजनकाटा असतो, थोड्या डॉलरांत प्रत्येक अ‍ॅक्सलचं वजन छापून हातात देतात. एकदा ट्रेलर लावून, एकदा सोडून. वाद तिथेच मिटतो.

घाटमाथा (डेन्व्हर)

ज्यांना वजन करायचा कंटाळा आहे त्यांच्यासाठी माझा नियम. बाकीच्यांनी खुशाल स्केलवर जावं.

नवा_कॅम्पर

वजन करताना पाण्याची टाकी भरलेली ठेवायची की रिकामी? डीलर म्हणाला रिकामी.

चाकोरीबाहेर (सॉल्ट लेक सिटी)

जशी भरून प्रवास करणार तशी. ३० गॅलन म्हणजे २५० पौंड. आणि ती टाकी अ‍ॅक्सलच्या पुढे आहे की मागे, खाली वाकून बघा. मागे असेल तर भरल्यावर हिचवरचा भार कमी होतो आणि ट्रेलर डुलायला लागतो. तशी असेल तर पाणी कॅम्पग्राउंडला पोहोचल्यावर भरा.