शहापूरच्या विणकर घराण्याचा चौथा भाग: आजीला दोन ओळीत संपवलं, हे मला अजिबात पटलं नाही

(शेवटाबद्दल लिहिलंय, वाचायचं बाकी असेल तर थांबा)

खासबागची वाचक
रविवारी रात्री दीड वाजता पुस्तक मिटलं, अजून राग गेला नाही. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, बेळगावला लागून असलेल्या शहापूरच्या एका विणकर घराची ही कादंबरीमाला, पहिला भाग प्लेगच्या साथीत सुरू होतो आणि हा चौथा 1924 च्या बेळगावच्या काँग्रेस अधिवेशनापासून 1948 पर्यंत येतो. प्लेगात गाव सोडून माळावरच्या झोपडीत राहिली, दोन पोरं तिथंच गेली, आणि घरी परतल्यावर आधी मागाच्या खड्ड्यात उतरून धूळ पुसली ती आजी, तीन भाग जिनं सगळं घर ओढलं, ती इथं दोन ओळीत जाते! "त्या पावसाळ्यात आजी गेली. घर सुनं झालं." बस. आणि अधिवेशनाला ऐंशी-नव्वद पानं, मंडप, स्वयंसेवक, विहीर खणणं, सगळं. माझी आजी वडगावात आयुष्यभर मागासाठी सुताच्या कांड्या भरायची, तिला डोळ्यांनी दिसेना झालं तेव्हा आई तिला पहिला भाग वाचून दाखवायची, आणि झोपडीच्या प्रकरणाला ती आईला थांब म्हणायची, मग थोड्या वेळानं म्हणायची, हां वाच. आम्ही या घरासाठी वाचतो, गांधीजींवर पुस्तकं खूप आहेत की.

टिळकवाडीकर
ताई, राग समजला, पण मी उलट म्हणतो. अहो गांधीजी आयुष्यात एकदाच काँग्रेसचे अध्यक्ष झाले आणि ते आपल्या गावात, 26 आणि 27 डिसेंबरला, ती काँग्रेस रोडवरची विहीर आपण रोज बघत जातो, मग शहापूरच्या घरात त्याची धग लागणार नाही का? आणि लेखकानं ते भाषणातून नाही, सुतातून आणलंय. सभासदानं दरमहा 2000 वार सूत कातून द्यायचं असं ठरलं, म्हणून धाकटी सून चरखा घेऊन बसते, आणि आजी तिचं सूत ताण्याला, म्हणजे मागावरच्या उभ्या धाग्याला, लावून बघते तर तटातट तुटतंय, कारण मागाला सवय मिलच्या सुताची. आजी काय करते? शिव्या देत नाही, ते सूत बाण्याला घेते, आडव्याला चालून जातं म्हणते. तीन भागांत आजीचं इतकं चांगलं प्रकरण मी वाचलं नाही. ते त्या ऐंशी पानांतच आहे, तुम्ही रागात पुढं गेलात.

शहापूर, जुनी गल्ली
दोघांचंही वाचलं. माझी तक्रार तिसरीच. धाकट्याला पकडायला बेळगावचे पोलीस सरळ गल्लीत शिरतात असं दाखवलंय. अरे पण शहापूर तेव्हा सांगली संस्थानात! बेळगाव इंग्रजांचं, आम्ही पटवर्धनांचे, हद्द वेगळी कचेरी वेगळी, 8 मार्च 1948 ला संस्थान मुंबई प्रांतात विलीन झालं तोवर तसंच होतं. आमचे आजोबा सांगायचे, बेळगावात जाऊन येतो म्हणजे दुसऱ्या राज्यात जाऊन येतो. एवढी हाताशी असलेली गोष्ट, त्या हद्दीवरच एक प्रकरण झालं असतं, ती सोडून दिली. शेवटी विलीनीकरण येतं तेव्हा वाचणाऱ्याला कळतच नाही की घराचं नेमकं काय बदललं.

टिळकवाडीकर
काका, हे मात्र खरं. याला माझ्याकडं उत्तर नाही.

निपाणीची बाई
भाषेचं कुणी काढलं नाही म्हणून लिहिते. तिसऱ्या भागापर्यंत घरात "काय करूलास रे" होतं, शेजारची अव्वा कन्नडमधनं विचारायची आणि आजी मराठीतनं उत्तर द्यायची, दोघींना सगळं कळायचं, भांडण पण तसंच व्हायचं. चौथ्यात सगळे "काय करतो आहेस" बोलायला लागलेत! आणि अव्वा गायब. भाषा धुऊन काढली की माणसं पण फिकी होतात, माझ्या मते आजी त्या दोन ओळींच्या आधीच गेली, तिचं बोलणं गेलं तेव्हा.

पुण्यात राहतो, घर खानापूरचं
बाई, एवढं टोक नको. माझ्या बायकोला पहिले दोन भाग जड गेले, दर पानाला मला हाक मारायची, हा चौथा तिनं एका आठवड्यात संपवला आणि आता पहिल्यापासून परत घेतलाय. नवीन वाचक येतोय ना त्यामुळं?

निपाणीची बाई
हाक मारून विचारत होती ना, मग वाईट काय झालं. तेवढ्यात तुमच्या घरात आपली भाषा चार शब्द जास्त बोलली गेली.

खासबागची वाचक
काल परत काढून सुताचं प्रकरण वाचलं. टिळकवाडीकर दादा, मान्य, ते मी घाईनं वाचलं होतं, आडव्याला चालून जातं हे वाक्य तर आमच्या आजीच्या तोंडचं वाटलं. पण म्हणूनच जास्त टोचतंय. जी बाई तुटणारं सूत फेकून देत नाही तिला लेखक दोन ओळीत कसा सोडतो? आणि तिचा धोटा, मागावर आडवं सूत इकडून तिकडं नेणारा? नवऱ्यानं दिलेला, कडेला जळल्याचा डाग असलेला, पहिल्या भागात कितीदा आलाय. मागावर कोण बसलं तिच्यानंतर, धोटा कुणाच्या हातात गेला, शोधून दमले, कुठं सापडला नाही. कुणाला दिसला असेल तर पान नंबर सांगा.

शहापूर, जुनी गल्ली
शेवटून तिसरं प्रकरण, पेटी उघडतात तिथं बघा. नाव घेतलेलं नाही, पण डाग आहे.