येन्स फोग्ट : मोठा सायकलपटू की नुसताच लाडका?

घाटवेडा : "येन्स फोग्ट म्हणजे सामान्य रायडर, एका डायलॉगवर मोठा झाला," असं काल इथे कुणीतरी ठोकून दिलं. वाचून झोप उडाली. अहो, 17 टूर द फ्रान्स! त्यात दोन स्टेज (एकेका दिवसाच्या शर्यती) जिंकल्या, दोनदा पिवळी जर्सी (एकूण वेळेत सगळ्यात पुढे असणाऱ्याची), शिवाय क्रितेरियम इंटरनॅशनल ही फ्रान्समधली शर्यत पाचदा जिंकली. 2010 च्या टूरमध्ये पेरसूर्द घाटाच्या उतारावर आपटला, सायकल मोडली, टीमच्या गाड्या पुढे गेलेल्या. पठ्ठ्या लहान पोराच्या सायकलवर बसून उतरला, पण शर्यत सोडणाऱ्यांना उचलणाऱ्या मागच्या गाडीत चढला नाही. सामान्य म्हणे!

तिरकस तात्या : लिहिणारा मीच. पिवळी जर्सी दोनदा, पण एकेकच दिवस. 2005 ला जर्सी गेली आणि दुसऱ्याच दिवशी साहेब वेळमर्यादेबाहेर, थेट घरी. 17 टूरमध्ये पहिल्या दहात एकदाही नाही. पोराची सायकल ही करमणूक झाली, कारकीर्द नव्हे.

सायली : मला त्याच्या त्या डायलॉगचाच, 'शट अप लेग्ज' (पायांनो, गप्प बसा) याचाच राग आहे. आमच्या ग्रुपात एकाने तेच छापलेले टी-शर्ट वाटले. घाटात गुडघा ठणकत होता, सगळे ओरडत होते 'शट अप लेग्ज'. मीही दामटली. वर्ष झालं, अजून जिना उतरताना कठडा धरते.

घाटवेडा : त्यात फोग्टचा काय दोष? सीटची उंची तपासा.

सायली : हे बरंय. दुखणं माझं, अक्कल तुमची.

ऱ्हाइनकाठी : जर्मनीत राहतो म्हणून सांगतो, तो तिथे सगळ्यांचा लाडका वगैरे नव्हता. 2004 ची टूर, व्हिलार-द-लान्सची स्टेज. जर्मनीचा स्टार उलरिश, दुसऱ्या टीमचा, एकटा सुटला होता. फोग्ट त्याच्याही पुढे निसटलेल्या गटात होता, टीमने मागे बोलावलं आणि त्याने आपल्या टीमच्या बास्सोसाठी उलरिशचा पाठलाग केला. दुसऱ्या दिवशी आल्प द्युएझ घाटातल्या टाइम ट्रायलला (एकेकट्याने घड्याळाविरुद्धची शर्यत) जर्मन प्रेक्षक त्याला 'जुडास', म्हणजे दगाबाज, म्हणत होते. आमच्या शेजारचे आजोबा आजही त्याचं नाव निघालं की चॅनल बदलतात.

घाटवेडा : पगार सीएससी टीमचा आणि काम उलरिशचं करायचं? वा!

ऱ्हाइनकाठी : दोघेही पूर्व जर्मनीतले. उलरिशचं त्या वर्षी पोडियम (पहिले तीन) हुकलं, चौथा आला. 1996 पासून पूर्ण केलेल्या टूरमध्ये पहिल्यांदाच. तुम्हाला नाही कळायचं.

तिरकस तात्या : उलरिशसाठी अश्रू? 2006 ला प्वेर्तो या डोपिंग प्रकरणात टूर सुरू होण्याआधीच बाहेर, 2012 ला बंदी, 2023 ला डोपिंगची कबुली. आजोबांना हे चॅनल दिसत नाही वाटतं.

ऱ्हाइनकाठी : आजोबांवर जाऊ नका. आणि तुमचा बास्सो? तोही त्याच दिवशी, त्याच प्रकरणात बाहेर. म्हणजे फोग्टने ज्याच्यासाठी शिव्या खाल्ल्या तोही तसलाच.

घाटवेडा : बास्सो 'आमचा' कधी झाला?

सायली : मूळ प्रश्न फोग्टचा होता ना? तुम्ही उलरिशची वकिली करताय.

तिरकस तात्या : बरं, एक देतो. 2014, स्वित्झर्लंडमधलं ग्रेन्शेन, 43 वर्षांचा फोग्ट, तासाभरात सर्वाधिक अंतराचा विक्रम, 51.1 किलोमीटर. आधीचा 49.7 चा विक्रम 2005 पासून पडून होता. तेवढ्यापुरता सलाम.

घाटवेडा : उपकार झाले.

तिरकस तात्या : थांबा, दीड महिन्यात ब्रांडल नावाच्या रायडरने 51.85 करून तो मोडला.

ऱ्हाइनकाठी : तरी 2004 च्या त्या दिवशी त्याने उलरिशमागे न जाता थांबायला हवं होतं.