मदत हवी आहे: फॅटचा जीन बघून वळू निवडावा का?

नमस्कार मंडळी, जरा मदत हवीय. गाईच्या दुधातल्या फॅटबद्दल वाचतोय तर 14व्या क्रोमोसोमवरचा डीजीएटी-1 जीन सारखा समोर येतो, त्याच्या प्रोटीनमध्ये 232व्या जागी अ‍ॅलानिनऐवजी लायसिन (दोन्ही अमिनो आम्लं, म्हणजे प्रोटीनचे घटक) असलं की फॅटची टक्केवारी वाढते पण दूध कमी होतं, इथेच माझं घोडं अडलंय. जर्सीत लायसिनवाला प्रकार भरपूर, होल्स्टीनमध्ये त्यामानाने कमी. मग होल्स्टीन गाईंसाठी सीमेन निवडताना हा एकच जीन बघायचा की सगळ्या छोट्यामोठ्या जीन्सचा हिशोब धरणारी जीनोमिक ब्रीडिंग व्हॅल्यू, आणि टक्केवारीपेक्षा एकूण फॅट किलोत मोजणं जास्त बरोबर ना? मला तरी तसंच वाटतं. कुणी कालवडींची जीन टेस्ट करून घेतली असेल तर प्लीज सांगा, पुढचं रेतन त्यावरच ठरवायचंय.